मेनू आला की वाजेल

ताईला काचबिंदू आहे हे कळलं तेव्हा तिच्या डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेलेली होती. काचबिंदू दुखत नाही, डोळा लाल होत नाही, कडेकडेनं दिसणं कमी होत जातं. ती म्हणायची, डाव्या हाताला माणसं एकदम उगवल्यासारखी येतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं आम्ही दोघीही धरून चाललो. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उजव्यात जे उरलंय ते थेंब टाकून टिकेल तेवढं टिकवायचं.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. भाऊजी गेल्यापासून ती थेरगावात एकटी राहते आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दशक्रियेची पत्रकं, सोसायट्यांच्या नोटिसा. आमचे वडील पिंपरीच्या कंपनीत मशिनवर होते. मुलींनी कुणापुढे हात पसरायचा नाही एवढं त्यांचं एकच म्हणणं होतं, म्हणून ताईनं मराठी टंकलेखनाची परीक्षा दिली आणि मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. टायपिंग करताना ताईनं कीबोर्डकडे कधीच पाहिलं नव्हतं. त्यामुळे नजर जायला लागली तरी तिची बोटं अडली नाहीत. अडलं दुसरीकडेच, पडद्यावरची अक्षरं तिला वाचता येईनात.

तिचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर फार जुनं. ते जुन्या सिस्टिमवरच चालायचं आणि त्यात टाइप केलेलं कुठल्याही बोलक्या प्रोग्रामला वाचता यायचं नाही. 'स्नेहभोजन' लिहिलेलं असलं तर तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा वाचून दाखवायचा. म्हणून मी त्याच मशिनवर शेजारी लिनक्स ही दुसरी सिस्टिम घालून दिली. त्यात पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा आवाज होता. आवाज रोबोसारखा, 'ळ' म्हणताना अडखळणारा, पण ताईला मेल, बातम्या, गिऱ्हाइकांनी पाठवलेला मजकूर ऐकता यायला लागला. ऐकायचं लिनक्समध्ये आणि टाइप करायचं जुन्या सिस्टिममध्ये, अशी तिची दोन घरं झाली.

आता मशिन सुरू केलं की आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बूट लोडर म्हणतात. तो काळ्या पडद्यावर मेनू दाखवतो, दोन सिस्टिमपैकी कुठली चालू करू विचारतो, थोडी वाट बघतो आणि कुणी काही सांगितलं नाही तर पहिली असेल ती सुरू करतो. त्या वेळी अजून कुठलीच सिस्टिम जागी नसते, म्हणून बोलणारा आवाजही नसतो. सगळ्यांना दिसतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण तेवढी जागा पूर्ण मुकी असते.

"तिथं मला कळतच नाही गं, मी कुठं आहे ते," ताई फोनवर म्हणाली. "बाण दाबते, एंटर दाबते. कधी भलतंच चालू होतं. मग बंद करायचं, परत चालू करायचं. सकाळचा निम्मा वेळ त्यातच जातो."

मी म्हटलं, "गुरुवारी येते."

मी निघोजे गावाच्या बाजूला एका कारखान्यात आहे. गाड्यांचे सुटे भाग होतात तिथं. लाइनच्या शेवटी प्रत्येक भाग तपासणारे संगणक आहेत, ते लिनक्सवर चालतात आणि ते चालते ठेवणं हे माझं काम. पिंपरीतून अंधार असतानाच कंपनीची बस पकडायची, मोशीच्या पुढे ट्रकांच्या मागे मान टाकून डुलक्या घ्यायच्या, पहिली शिफ्ट करायची आणि परतीला त्याच रस्त्यावर तसंच अडकायचं. पन्नाशी जवळ आलीय. घरी पोचल्यावर चप्पल काढायला वाकायचंही जिवावर येतं. गुरुवारी आमच्याकडे लाइट बंद म्हणून सुट्टी, आणि तो एक दिवस मला झोपायला हवा असतो. खरं सांगायचं तर थेरगावला जाताना रिक्षात माझ्या मनात फार काही प्रेमबिम नव्हतं. हे एकदा उरकलं म्हणजे झालं, एवढंच होतं.

त्या गुरुवारी थेरगावात लाइट होती. दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं, धोतर-टोपीतले म्हातारबाबा. मुलगा इथं राहतो म्हणून निघोज्याहून येऊन-जाऊन असायचे. सोसायटीत सत्यनारायण होता, त्याचं निमंत्रण टाइप करायचं होतं. ताईनं सांगितल्याबरहुकूम सगळं टाइप केलं, एक प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली.

"बाबा, मोठ्यानं वाचा. जसं लिहिलंय तसंच वाचा, मनाचं घालू नका."

"व्हय, वाचतो की." त्यांनी कागद लांब धरला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक शब्द वाचायला लागले. मधेच थांबले. "ताई, हितं 'सहकुटूंब' मदी टू मोठा पडलाय जनू."

"पडला असेल. करते." तिची बोटं खाली गेली, शब्द दुरुस्त झाला. बाबांना तिचे डोळे गेलेत हे माहीत होतं की नाही कुणास ठाऊक. जाताना मात्र पायरीवरची तिची चप्पल उचलून बाजूला ठेवून गेले.

मग मी मशिनला बसले. पहिलं काम सोपं होतं. बूट लोडर किती वेळ वाट बघतो ते त्याच्या सेटिंगमध्ये एका आकड्यानं ठरतं. मी तो असा केला की त्यानं घाई करायचीच नाही, कळ दाबेपर्यंत थांबून राहायचं. दुसरं काम, बाणानं खालीवर जाण्याची भानगडच काढली. मेनूतल्या प्रत्येक नोंदीला एक अक्षर नेमून देता येतं. जुन्या सिस्टिमला 'जे' आणि लिनक्सला 'एल'. टायपिंग करणाऱ्या बाईला ती अक्षरं अंधारातही सापडतात.

"पण मेनू आला हे मला कसं कळणार?" ताई म्हणाली. "आधीच दाबलं तर?"

यावरही सोय होती. कामावर मला ती कधी लागली नव्हती, कारण तिथं मेनू लपवलेलाच असतो. लाइन अडायला नको म्हणून मशिननं कुणाला न विचारता उठायचं असतं. पण त्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ असते, तिच्यापुढचं चिन्ह काढलं की मेनू पडद्यावर येताच बूट लोडर सूर वाजवतो. वेग लिहायचा, मग एकेका सुरासाठी दोन आकडे: सूर किती उंच आणि किती वेळ. मी ओळ चालू केली, बूट लोडरला नवी सेटिंग वाचायला लावणारी आज्ञा दिली, मशिन बंद करून चालू केलं.

काहीच वाजलं नाही.

परत बघितलं. सगळं बरोबर. अर्ध्या तासानं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा सूर बाहेरच्या स्पीकरमधून येतच नाही. तो येतो मदरबोर्डवरच्या बोटाच्या पेराएवढ्या स्पीकरमधून, आणि ताईच्या कॉम्प्युटरच्या डब्यात तो बसवलेलाच नव्हता. पिंपरीच्या मार्केटमध्ये जाऊन मी तो शोधला. दोन दुकानदारांनी असलं आता कुणी विचारत नाही म्हणून हात हलवले, तिसऱ्यानं एका भंगार डब्यातून उपटून दिला. परत आले, डबा उघडला, धूळ झाडली, स्पीकर लावला.

या वेळी वाजलं. एकच सूर, लांब, चिरका.

"ई! रिक्षा रिव्हर्स घेतंय की काय कुणी?" ताई म्हणाली. "मी रोज सकाळी हे नाही ऐकणार. नीट कर."

"नीट म्हणजे काय? मेनू आला हे कळलं ना?"

"कळलं. पण सुरात कर."

ताई विहारात गाथा म्हणायला नेहमी पुढे असायची, तिचा कान पक्का. मला सूर कळत नाही. मी नेटवरून स्वरांच्या कंपनांचे आकडे काढले आणि तीन सूर लिहिले, चढते. आता प्रत्येक फरकासाठी फाइल बदलायची, साठवायची, आज्ञा द्यायची, मशिन बंद, मशिन चालू. म्हातारं मशिन, त्याचा पंखा आधी धापा टाकणार, मग एक टिक होणार, मग हे तीन सूर.

"शेवटचा चढतोय."

मी आकडा उतरवला. बंद, चालू.

"आता बसका झाला."

"ताई, अगं हे मशिन आहे. पेटी नाही."

"माहितेय. थोडाच चढव."

दुपारचं जेवण टळून गेलं. माझी पाठ धरली होती, सुट्टी संपत आली होती आणि मी एका तीन सुरांच्या भोंग्यासाठी आकडे चढवत-उतरवत होते. शेवटी एकदा तिनं चूक काढली नाही. मशिन परत सुरू करायला लावलं. परत ऐकलं. मग सूर संपता संपता 'जे' दाबलं आणि जुनी सिस्टिम सुरू झाली. बंद करून पुन्हा सुरू केलं आणि 'एल' दाबलं. रोबोचा आवाज बोलायला लागला तशी ती हसली. किती दिवसांनी हसली होती. मला मात्र तेव्हा फक्त घरी जाऊन पडायचं होतं.

त्यानंतर काही महिने बरे गेले. मग एका घाईच्या गिऱ्हाइकानं बारशाची कार्डं न वाचताच नेली. टाइप करताना एक ओळ गळली होती, नेमकी ठिकाणाची. बाई भांडायला आल्या. ताईनं सगळी कार्डं पुन्हा छापून दिली, पण त्या जाताना दारातच बोलून गेल्या, "दिसत नाही तर दुकान कशाला चालवायचं माणसानं."

हे मला ताईनं नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्यांनी सांगितलं. मी त्या आठवड्यात अशीच वैतागलेली होते. लाइनवरची दोन मशिनं सारखी बंद पडत होती. थेरगावला पोचल्या पोचल्या मी म्हटलं, "ताई, बास कर आता. बंद कर दुकान. जुनी सिस्टिम काढून टाकते, मेनूही नको, सूरही नको. बटण दाबलं की सरळ लिनक्स चालू होईल. बातम्या ऐक, गाणी ऐक. माझ्याकडे राहायला ये."

थेंबांची बाटली तिच्या हातात होती, तिचं झाकण तिनं लावलं.

"तू दमतेस, मला कळतं," ती म्हणाली. "येऊ नकोस दर गुरुवारी. मी काही म्हणणार नाही. पण तू दमलीस म्हणून माझं दुकान बंद नको करूस."

मी चहा न घेता निघाले. रिक्षात मला रडू येत होतं की झोप, ते माझं मलाच कळत नव्हतं. त्या बाई बोलल्या ते जेवढं लागलं नसेल तेवढं तिला माझं लागलं असणार. आणि तिचं मला लागलं, कारण ती खरं बोलली होती. तिच्यासाठी सोपं करून देते म्हणता म्हणता मी माझ्यापुरतं सोपं करायला निघाले होते.

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. ओव्हरटाइम होता, लाइट बंद असते तेव्हाच आमची मशिनं उघडता येतात. त्या गुरुवारी थेरगावातही दिवसभर लाइट नव्हती.

शुक्रवारी सकाळी पहिली शिफ्ट लागून थोडाच वेळ झाला होता. आमच्या विभागातल्या फोनवर माझ्यासाठी फोन आला. आमच्याकडे मोबाइल गेटवरच जमा करतात, म्हणून अडीअडचणीला तो नंबर मी ताईला दिलेला होता. तिनं तोवर एकदाही वापरला नव्हता.

"सूर येत नाहीये," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पंखा फिरतो, टिक वाजतं आणि पुढे काही नाही. केव्हाची बसलेय. ते निघोज्याचे बाबा, त्यांच्या मंडळी गेल्या गं. दशक्रियेचं पत्रक आहे. दुपारी न्यायला येणारेत. मजकूर काल फोनवर ऐकून पाठ केलाय मी, फक्त टाइप करायचाय."

मी विचारलं, शेजारी कुणी आहे का पडदा वाचायला. झेरॉक्सचं दुकान अजून उघडलेलं नव्हतं. माझ्याकडे मोबाइल नाही, तिच्याकडे नजर नाही. पडद्यावर काय लिहून आलंय ते आम्हा दोघींनाही दिसत नव्हतं.

मी डोळे मिटले. खरंच मिटले, डोळे उघडे ठेवून मला तिचं मशिन आठवत नव्हतं. टिक होतंय म्हणजे मशिन जिवंत आहे. दिवसभर लाइट नव्हती. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, लाइट नसताना मशिनची मूळ सेटिंग तो धरून ठेवतो. तो संपला असेल तर मशिन सगळं विसरतं, आणि उठल्यावर आधी तक्रार सांगून कळ दाबायची वाट बघतं.

"ताई, वरच्या ओळीत एफ टू. दाब."

"दाबलं."

"काय झालं?"

"काही नाही. थांब... पंख्याचा आवाज बदलला जरा."

म्हणजे पुढे सरकलं होतं. पण सूर आला नाही. तिच्या मशिनमध्ये दुसरी एक डिस्क आहे, नुसती कामं साठवायची. सगळं विसरलेलं मशिन बहुतेक तिथं सिस्टिम शोधत बसलं होतं. बूट लोडर मात्र सिस्टिमच्या डिस्कवर, आणि त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.

"आता बंद करून चालू कर. प्लग काढू नकोस. टिक झालं की एफ टू, आणि लगेच एफ इलेव्हन दाबत राहा, म्हणजे डिस्कांची यादी उघडेल. मग एकदा खालचा बाण आणि एंटर."

फोनमधून पंखा ऐकू आला. टिक ऐकू आलं. ताईची बोटं ऐकू आली. मग शांतता.

"नाही आलं."

माझ्या मागे सुपरवायझर येऊन उभे राहिले. मी हातानंच थांबायला सांगितलं. आधी त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण माझा चेहरा पाहून ते लांब जाऊन उभे राहिले.

"परत कर. या वेळी बाण दोनदा."

"दोनदा. बरं." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी निवडताना असतो तसा. पंखा. टिक. कळांची टकटक. मग मला इतक्या लांब, मशिनांच्या धडधडीतही, ते तीन सूर ऐकू आले. शेवटचा सूर मला तरी बरोबर वाटला.

"आला," ताई म्हणाली आणि 'जे' दाबलं. "ठेवते गं. काम आहे."

तिनं फोन ठेवला, आणि मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. सुपरवायझरनी विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "बहिणीचं मशिन सुरू झालं." यापेक्षा जास्त सांगायचं त्राण नव्हतं.

पुन्हा सगळं विसरू नये म्हणून मशिन तिनं पुढचे काही दिवस बंदच केलं नाही. पुढच्या गुरुवारी मी नवा सेल घेऊन गेले आणि बसवला. मशिनला कुठल्या डिस्कवर आधी जायचं ते परत शिकवलं. दुकान बंद करण्याचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. पत्रक वेळेवर झालं होतं. बाबांनी वाचायला घेतलं आणि बायकोच्या नावापाशी आल्यावर त्यांना पुढे वाचवेना, म्हणून मुलानं वाचलं, एवढं तिनं सांगितलं.

आता तिच्या उजव्या डोळ्यालाही फक्त उजेड कळतो. दुकान सकाळचंच असतं. नवी कामं ती लिनक्समध्येच टाइप करायला शिकली. तिथं टाइप केलेलं तिचं तिला ऐकता येतं. कळांची जागा वेगळी, चार दिवस ती चिडली, मग बोटांनी ऐकलं. जुन्या फाइली लागल्या तरच ती 'जे' दाबते. मेनू तसाच आहे. तो काढायचा का, असं मी पुन्हा विचारलेलं नाही.

मध्यंतरी एका गुरुवारी मी गेले तेव्हा करण्यासारखं काहीच नव्हतं. सगळं चालू होतं. ती एका सोसायटीची पाणीकपातीची नोटीस टाइप करत होती, रोबो तिच्यामागून वाचत होता. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले, मग जरा आडवी झाले. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली तेव्हा ऊन पार रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं आणि माझ्या अंगावर चादर होती. ताईनं रोबोचा आवाज बंद करून कानात हेडफोन घातला होता आणि हळूहळू, कळा वाजू न देता टाइप करत होती.

मी उठले नाही. तशीच पडून राहिले.